कुणाच्या हातचे खायचे?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दसरा-कोजागिरी आटोपून दिवाळीच्या फराळाची घाई सुरू झालेली असेल. भोंडल्याची शेवटची खिरापत वाटून झाली असेल. विदर्भ-खानदेशात भुलाबाईचा खाऊही ओळखून झाला असेल. याच दिवसांत, ३१ ऑक्टोबरला, अमेरिकेत हॅलोविन साजरा होतो. तिथल्या मराठी घरांत पुष्कळदा एकाच आठवड्यात मुलांचे भुताचे कपडे आणि चकलीचा सोऱ्या असे दोन्ही बाहेर निघते. अलीकडे आपल्या शहरांतल्या काही इंग्रजी शाळा आणि मोठी गृहसंकुलेही हा सण करू लागली आहेत. ‘परक्यांचे खूळ’ म्हणून त्याची टर उडवणे सोपे आहे. आम्हाला मात्र त्यातल्या खाऊविषयी बोलायचे आहे. घरी केलेला खाऊ त्या सणातून जवळजवळ हद्दपार कसा झाला, ही गोष्ट आपण बायकांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. कारण भीती कुणाची बाळगायची हे समाज कसे ठरवतो, ते तिच्यात स्वच्छ दिसते.

हॅलोविनची मुळे आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या सुगीनंतरच्या जुन्या सणात आहेत. हिवाळा लागण्याच्या त्या रात्री मेलेली माणसे परत येतात असा समज होता. पुढे चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरवला. इंग्लंडात गोरगरीब बायकामुले या सुमारास दारोदार जात, त्या घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करीत आणि बदल्यात त्यांना छोटा गोल केक मिळे. पितृपंधरवड्यात पान वाढणाऱ्या आपल्याला हे फार परके वाटू नये. आयर्लंडमध्ये या रात्रीसाठी मनुका घातलेला बार्मब्रॅक नावाचा पाव भाजत आणि त्यात काही वस्तू दडवत. जिच्या वाट्याच्या तुकड्यात अंगठी निघे तिचे लग्न वर्षभरात ठरणार. शिवणाचे टोपण निघाले तर ती बिनलग्नाची राहणार. काठी निघाली तर भांडणाचा संसार. पोरीबाळींच्या सणात सासरची धास्ती गाणी-खेळांतून डोकावते, हेही आपल्याला नवे नाही. भोंडल्याच्या गाण्यांतली सासू-सासऱ्यांची फौज आठवून पाहा.

१८४० च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळात आयरिश माणसे लाखोंनी अमेरिकेत गेली आणि सणही त्यांच्याबरोबर गेला. गावी सलगम कोरून त्यात दिवा लावत. इथे मोठा, मऊ भोपळा हाती आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रात्र पोरांच्या दांडगाईची झाली होती. गुरे सोडून दे, खिडक्यांना साबण फास, असे प्रकार चालत. त्यावर मिनेसोटा राज्यातल्या अनोका या गावाने १९२० मध्ये उपाय काढला. पोरांना धाक घालण्याऐवजी गावाने मिरवणूक काढली, शेकोटी पेटवली आणि मुलांना पॉपकॉर्न, शेंगदाणे, गोळ्या वाटल्या. आजही ते गाव स्वतःला हॅलोविनची राजधानी म्हणवते. दुसऱ्या महायुद्धातली साखरेची टंचाई संपल्यावर मुलांनी वेश करून दारोदार खाऊ मागण्याची रीत देशभर पसरली.

त्या काळी दारात मिळणारा खाऊ बराचसा घरचाच असे. लाह्यांवर साखरेचा किंवा काकवीचा गरम पाक ओतून, हाताला लोणी लावून वळलेले लाडू. आपल्या मुरमुऱ्याच्या लाडवाचे सख्खे भावंडच ते. काडी खोचून पाकात बुडवलेली सफरचंदे, तळलेले डोनट, आल्याची बिस्किटे, खारवून भाजलेल्या भोपळ्याच्या बिया. एका घरचे डोनट प्रसिद्ध, दुसऱ्या घरचे लाडू. मुले बरोबर त्या दारी जात. आपल्याकडे लाल भोपळ्याचे घारगे कुणाकडे चांगले होतात हे गल्लीला ठाऊक असते, तसेच. या उघड्या दारांचा उपयोगही चांगला झाला. १९५० मध्ये फिलाडेल्फियात मेरी एमा ॲलिसन नावाच्या शिक्षिकेच्या मनात आले, की मुलांनी दारोदार खाऊ मागावा तसे जगातल्या गरजू मुलांसाठी पैसेही मागावेत. दुधाचे रिकामे डबे सजवून त्या वर्षी १७ डॉलर जमले. ‘युनिसेफ’साठी चालणारी मोठी मोहीम त्यातून उभी राहिली.

मग हे सारे आटले कशाने?

आटले ते एका अफवेने. हॅलोविनच्या खाऊत कुणी विष घालते, सफरचंदात ब्लेड खुपसते, अशा बातम्या साठ-सत्तरच्या दशकांत पसरू लागल्या. ऑक्टोबर १९७० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पालकांना सावध करताना उदाहरण दिले ते गल्लीतल्या प्रेमळ म्हातारीने दिलेल्या सफरचंदाचे, त्यात म्हणे ब्लेड असू शकते. काही दिवसांतच डेट्रॉइटमध्ये पाच वर्षांचा एक मुलगा हेरॉइनने दगावला आणि हॅलोविनच्या खाऊतून विषबाधा झाल्याची बातमी झाली. तपासात कळले, की ते हेरॉइन त्याच्या काकाच्या घरातले होते. संशय दुसरीकडे जावा म्हणून खाऊवर ते नंतर भुरभुरले गेले होते. १९७४ मध्ये टेक्सासमधला आठ वर्षांचा मुलगा हॅलोविनच्या रात्री सायनाइडने मेला. पुन्हा अनोळखी शेजाऱ्यावर बोट. ते विष घातले होते मुलाच्या बापाने, रोनाल्ड ओब्रायनने, विम्याच्या पैशांसाठी. संशय बाहेर जावा म्हणून त्याने तसल्याच नळ्या आपल्या मुलीला आणि आणखी मुलांनाही दिल्या होत्या. ती मुले वाचली ती केवळ खाल्ले नाही म्हणून. १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला. अफवेचा आडोसा घेता येईल हे या बापाने ओळखले होते, हे विसरू नका.

१९८२ मध्ये शिकागोच्या परिसरात दुकानातल्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळले गेल्याने सात माणसे मेली. त्याचा हॅलोविनशी काहीच संबंध नव्हता, तरी त्या वर्षी कितीतरी गावांनी मुलांचे दारोदार फिरणे थांबवले. दुकानातले औषध बाधले, आणि अविश्वास वाढला तो घरच्या लाडवावर! घरी केलेले किंवा वेष्टन नसलेले काहीही फेकून द्या, हा सल्ला तेव्हापासून दरवर्षी दिला जातो. लाडू, डोनट, सफरचंदे गेली. कारखान्याच्या पुडीतल्या गोळ्या राहिल्या.

जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या वृत्तपत्रांतल्या अशा बातम्या एकेक करून तपासल्या. १९८५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढेही त्यांनी हा शोध चालू ठेवला. दारोदार मागितलेल्या खाऊतून अनोळखी माणसाने मूल मारल्याची किंवा त्याला गंभीर इजा केल्याची एकही खात्रीची घटना त्यांना सापडली नाही. बहुतेक प्रकार थट्टेचे किंवा बनावाचे निघाले. असले वेडे चाळे मुळीच झाले नाहीत असे नाही. १९६४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका गृहिणीने, खाऊ मागायला येणारी मुले आता फार मोठी झालीत या रागाने, त्यांना मुंग्यांच्या विषाच्या चकत्या दिल्या आणि ही गंमत आहे असे सांगितले. कुणाला बाधा झाली नाही, तरी तिला अटक झाली आणि गुन्हा शाबीत झाला; ते योग्यच होते. पण हजारो स्वयंपाकघरांवर संशयाचा शिक्का मारायला एवढे पुरेसे असते का?

आता बातमीतली ती म्हातारी पुन्हा आठवा. एकटी राहणारी, सर्वांशी गोड बोलणारी आणि हातात विषारी फळ असलेली. युरोपच्या परीकथांतली ही चेटकीण. हॅलोविनला तिची टोकदार टोपी दुकानोदुकानी विकतात. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावात तर ऑक्टोबरभर जत्रा भरते आणि देशभरातून माणसे येतात. याच सेलममध्ये १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून १९ माणसांना फाशी दिले होते. त्यांतल्या १४ बायका होत्या. त्या खटल्यांत दोषी ठरलेल्या एलिझाबेथ जॉन्सन या तरुणीची फाशी टळली, पण कलंक राहिला. तो पुसायला जुलै २०२२ उजाडला. बाकीच्यांची नावे त्यांच्या वंशजांच्या पाठपुराव्याने निर्दोष ठरली. हिचे लग्न झाले नव्हते, मूलबाळ नव्हते, म्हणून हिच्यासाठी भांडणारे कुणी उरले नव्हते. शेवटी शाळेतल्या आठवीच्या मुलांनी आपल्या शिक्षिकेबरोबर कागदपत्रे शोधली आणि विधिमंडळापर्यंत धडक मारली. ज्या बाईमागे कुटुंब नाही तिला न्यायासाठी किती थांबावे लागते, हे आपल्या केंद्रांत येणाऱ्या एकट्या बायकांना कुणी समजावून सांगायला नको.

चेटकीण ही आपल्यासाठी वेशभूषेपुरती गोष्ट नाही. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पाड्यांवर, कुणाचे पोर दगावले, गुरे मेली की एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, तिला गावाबाहेर काढतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, कुणी करणी-चेटूक करते असा बोभाटा करून त्या व्यक्तीला छळणे हा गुन्हा ठरवला. कायदा आला, संशय अजून गावात आहे. सातपुड्यातल्या आपल्या कार्यकर्त्या त्याच्याशी रोज झगडत आहेत.

आणि शहरात? शहरात आपण डाकीण म्हणत नाही, ‘सोवळे’ म्हणतो. २०१७ मध्ये पुण्यातल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी स्वयंपाकाच्या बाईंवर पोलिसांत तक्रार केली. गौरीच्या आणि श्राद्धाच्या स्वयंपाकाला आलेल्या या बाईंनी आपली जात आणि वैधव्य लपवले, असे त्यांचे म्हणणे. निषेध झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. स्वयंपाक बिघडला अशी ती तक्रार नव्हती. तो करणारे हात कुणाचे, याची होती. शाळेच्या पोषण आहारात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच दिला आहे. तरी डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी सोडले, आणि कामावरून गेली ती तीच! बोभाटा झाल्यावर तिला परत घ्यावे लागले. ज्या राज्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तिथे गृहसंकुलाच्या कोजागिरीला ‘सगळ्यांनी घरून काही आणू नका, बाहेरून पाकिटे मागवू’ असे ठरते तेव्हा ते केवळ सोयीसाठी ठरते का, की कुणाच्या तरी घरचे खायचे टाळण्यासाठी, हे एकदा विचारायला हवे.

खरा धोका नसतोच असे आम्ही म्हणत नाही. नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्यामागे जुने, ओलसर, बुरशी धरलेले पीठ असते, आणि त्यावर उपायही साधे असतात: धान्य निवडून स्वच्छ करावे, पीठ ताजे दळावे, शिळे वाढू नये. शेंगदाणा, काजू, दूध काही मुलांना सोसत नाही. तेव्हा डब्यावर जिन्नस लिहावेत. अमेरिकेत २०१४ पासून काही घरे दारात निळसर हिरवा रंग दिलेला भोपळा ठेवतात. आमच्याकडे पथ्याच्या मुलांनाही चालेल असे काही आहे, हा त्याचा अर्थ. अनेक घरी तो खाऊ नसतोच, छोटे खेळणे असते. ही खरी काळजी. ती माणसे जोडते. संशय माणसे तोडतो आणि वर स्वतःला काळजी म्हणवून घेतो.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. संशयाचे बोट बाहेर रोखलेले असते तेव्हा घरात कुणी पाहत नाही. डेट्रॉइटमध्ये काका होता, टेक्सासमध्ये बाप. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, की नोंदलेल्या बलात्कारांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो: नातलग, शेजारी, मित्र, मालक. तरी मुलींना आपण शिकवतो ते एवढेच, की अनोळखी माणसाने दिलेले खाऊ नकोस. मामा-काका-दादाने दिलेल्या खाऊबरोबर काही भलतेच मागितले तर काय करायचे, हे किती घरांत सांगितले जाते? २०१२ चा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा हे दोन्ही आपल्या चळवळीच्या रेट्यासह आले, आणि दोघांनीही घराच्या दाराआड पाहायला कायद्याला भाग पाडले. समुपदेशनासाठी आलेली आई आधी सांगते, ‘आमची मुलगी कुणाकडे जात नाही हो, घरातच असते.’ हे वाक्य ऐकले की पोटात गोळा येतो.

म्हणून काय, पुन्हा सगळा खाऊ घरी करायचा? इथे जपून बोलायला हवे. ‘घरचे ते घरचे’ असे कौतुक करीत बाईला मध्यरात्रीपर्यंत चुलीशी उभे करणे आपल्या परिचयाचे आहे. अनारशाला जाळी पडली नाही तर हसू तिचेच होते, आणि नोकरीवरून दमून आलेल्या सुनेने फराळ विकत आणला तर बोलणी तिलाच बसतात. अमेरिकेतल्या त्या डोनटमागेही अशीच एक दमलेली बाई उभी असणार. फराळ विकत घेणारीला दोष देण्याचे काहीच कारण नाही. तो बचत गटाकडून घेतला तर त्यामागच्या बाईला निदान मोल मिळते. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. घरापासून दूर आलेल्या गिरणी कामगारांना या बायका दोन वेळा जेवू घालत होत्या. त्या कामाला बँकेने उद्योग म्हणून पत द्यावी, यासाठी त्या एकत्र आल्या. परक्याला खाऊ घालणे हे बाईचे पुण्य नव्हे, श्रम आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

तेव्हा आमचा आग्रह असा. पुढच्या शरदात तुमच्या वस्तीत भोंडला, भुलाबाई, कोजागिरी, दिवाळी किंवा मुलांच्या हौसेखातर हॅलोविन काहीही असो, त्यातला खाऊ एके ठिकाणी, सर्वांनी मिळून करा. मोठ्या पातेल्यात पाक उकळताना कुणाचा हात कुठल्या जातीचा हे ओळखता येत नाही. लाडू वळायला पुरुष आणि मुलगे हवेतच. पाक गरम असताना पटापट वळावे लागतात, तेव्हा हात जितके जास्त तितके बरे. खर्च वर्गणीतून करा, एकीच्या पर्समधून नको. भोंडल्याच्या पाटाभोवती विधवा, परित्यक्ता, बिनलग्नाच्या मैत्रिणी हात धरून उभ्या राहू देत, आणि एखाद्या दिवशीच्या खिरापतीचा मान मुद्दाम त्यांच्या घरी जाऊ दे. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी असेल तर मुलांची पहिली फेरी तिच्या दारी न्या. चेटकिणीची टोपी घालणाऱ्या मुलांना सेलमची आणि सातपुड्याची गोष्ट सांगा. आठवीची मुले काय करू शकतात तेही सांगा. मुले दमून बसली, तोंडात लाडू असला, की त्यांच्याशी बोला: नको असलेला स्पर्श कुणाचाही असो, अगदी घरातल्याचाही, तो सांगायचा, आणि सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवायचा. लहान मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक खाऊच्या पुडीवरच लिहून द्या.

खिरापत ओळखण्याच्या खेळात झाकलेल्या डब्यात काय आहे हे विचारतात. डबा कुणी भरला हे सगळ्यांना ठाऊक असते आणि त्यामुळे कुणाचा घास अडत नाही, अशी वस्ती आपल्याला हवी आहे. तुमच्या गटाने असे काही केले असेल, करताना कुणी अडवले असेल, कुणाच्या घरची खिरापत परत आली असेल, तर सविस्तर लिहून पाठवा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांसाठी जागा राखून ठेवली आहे.

दिवाळीच्या शुभेच्छांसह,

संपादक मंडळाच्या वतीने